दुर्बिणीतला कोहळा

आमच्या घरात खंडेनवमीला कोहळा कापत नाहीत, उडवतात. म्हणजे गोळी घालून. भावकीत बाकी सगळीकडं तलवारीनं नाहीतर विळ्यानं त्याच्या दोन फाका होतात आणि विषय संपतो. आमच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, ज्या वर्षी रिव्हॉल्व्हरचं लायसन काढलं त्याच वर्षी जाहीर केलं की पूजा शस्त्राची आहे तर कोहळ्याचं काय ते शस्त्रच करील. आजोबा तेव्हा होते. त्यांनी नाक मुरडलं. पण कोहळा पहिल्याच गोळीत फुटला, जमलेल्या लोकांनी ‘आई राजा उदो उदो’ केलं आणि आजोबांना गप बसावं लागलं. तेव्हापासून ती आमच्या घरची रीतच पडली.

आमचं गाव सास्तूरच्या अलीकडं. भूकंपानंतर नवं गावठाण वसवताना आमच्या रानाच्या कडेचा मुरूम उकरून नेला, त्याची खदान तशीच राहिली. तिच्या तीन बाजूंना उभ्या भिंती आहेत. गोळी गेली तर समोरच्या भिंतीत जाते, म्हणून जागा बरी. मध्ये एक मोठा दगड आहे, त्यावर चुंबळ ठेवायची आणि चुंबळीवर कोहळा. बोललेलं ऐकू जाईल एवढ्या अंतरावर आबा उभे राहायचे, हात लांब करायचे, आणि धाड. मग आम्ही घरी जाऊन पुरणपोळी खायचो.

आबा रिव्हॉल्व्हर कमरेला लावून लग्नात मिरवणाऱ्यांतले नव्हते हे आधीच सांगते, कारण आमच्या भागात तसलेच जास्त. ती कपाटात, धोतराच्या जुन्या फडक्यात असायची. लायसन कशाला काढलं असं कुणी विचारलं तर आबा म्हणायचे, ‘काढलं.’ एवढंच. माणूस मुळात कमी बोलणारा, आणि जे बोलायचा त्यात निम्मा राग.

तर परवाच्या वर्षी खंडेनवमीला आबांचा नेम चुकला. गोळी मुरमात गेली. दुसरी घातली, तीही गेली. तिसरी घालायला ते तयार होते, पण काडतुसं काय शेंगदाणे नाहीत, वर्षाला मोजकी मिळतात आणि रिकामी टरफलं परत दाखवावी लागतात. माझ्या भावानं विळा आणला आणि कोहळा कापला. आबा त्या दिवशी जेवले नाहीत. ऊन डोळ्यावर होतं म्हणाले. ऊन पाठीमागं होतं.

भाऊ माझ्याहून धाकटा, पण घरातली शेती आता तोच बघतो. त्यानं संध्याकाळी मोटारसायकलची किल्ली खिळ्यावरून काढून स्वतःच्या खिशात टाकली. त्याला निमित्त हवं होतं असं नाही, त्याच्याकडं कारणं होती. आबांनी उभ्या बैलगाडीला हँडल घासलं होतं. पारावर बसलेल्या म्हाताऱ्याच्या पायावरून चाक जाता जाता राहिलं होतं. घरात चहाचा कप बाजूला ठेवला की हमखास लवंडायचा. ‘आबा, तुमचे डोळे गेलेत,’ भाऊ म्हणाला. ‘एखाद्याला मारून ठेवाल.’

‘डोळं गेल्यात म्हणं!’ आबा म्हणाले. ‘त्या लिंबावरचा पोपट दिसतुया मला. तुला दिसतुय का रं?’

आणि पोपट खरंच होता.

किल्ली गेली म्हणजे काय गेलं हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आबांचा दिवस त्या गाडीवर होता. सकाळी रान, मग स्टँडवर चहा, बाजाराच्या दिवशी बाजार, अधेमधे कुणाच्या तरी मयतीला नाहीतर सोयरिकीला. रान गावापासून लांब आहे आणि गुडघ्यांनी चालणं कधीच सोडलं होतं. किल्ली गेल्यावर ते ओट्यावर बसू लागले. सकाळी ओट्यावर, दुपारी ओट्यावर. येणाऱ्याजाणाऱ्याशी भांडायचे. आईशी तर इतकं भांडायचे की ती शेजारी जाऊन बसायची. मी उमरग्याला शाळेत शिकवते. रविवारी घरी आले की ते माझ्याकडं बघून म्हणायचे, ‘आलीस का? बघून जा. बांधलेलं जनावर कसं असतं ते.’

माझा जीव तुटायचा. आणि भावाचा राग यायचा. तो चुकीचं बोलत नव्हता, पण असं बोलायचा की बरोबर असूनही चार शब्द सुनवावेसे वाटायचे. गावात डोळ्यांचं शिबिर लागलं तेव्हा मी आबांना घेऊन गेले. त्यांनी भिंतीवरच्या तक्त्यातली अगदी शेवटची बारीक ओळ धडाधड वाचली. तपासणारा म्हणाला, ‘या वयात कमाल आहे.’ मी घरी येऊन ते वाक्य भावाला तीनदा ऐकवलं.

‘मग कोहळा का चुकला?’ तो म्हणाला.

आबा ओट्यावरून ओरडले, ‘नळीच्या टोकावरला दाणा पुसट दिसतुय म्हणून! दाणा पुसट, कोव्हळा लख्ख. दोन्ही एका टायमाला दिसंनात. म्हातारपण हाय, आंधळेपण न्हाय!’

मग त्यांनीच पैज लावली. येत्या खंडेनवमीला कोहळा उडवला तर किल्ली परत. नाही उडवला तर पुन्हा किल्लीचं नाव काढणार नाही. भाऊ म्हणाला, ‘ठरलं.’ आईनं विचारलं, कोहळ्याचा आणि मोटारसायकलचा काय संबंध? तिला सोडून आमच्या घरात सगळ्यांना तो संबंध पुरेपूर पटला होता. ज्याचा नेम लागतो त्याची नजर शाबूत, यात शंका घेण्यासारखं काही आहे असं मलाही वाटलं नाही.

दाणा पुसट दिसतो यावर उपाय म्हणून दुर्बीण बसवायची कल्पना माझी. दुर्बिणीत दाणा आणि कोहळा जुळवत बसावं लागत नाही, आतल्या फुलीवर कोहळा आला की काम झालं, एवढं मी मोबाईलवर बघितलं होतं. मीच मागवली. ती छर्र्याच्या बंदुकीची निघाली, पण दुर्बीण ती दुर्बीण, असं आम्हा दोघांचं मत पडलं. उमरग्याच्या लेथवाल्यानं रिव्हॉल्व्हर उलटीपालटी करून बघितली, म्हणाला, ‘बसतंय की!’ आणि नळीवर लोखंडी पट्टी आवळून ती बसवून दिली. ती इतकी घट्ट बसली की पुढं काढताना घाम फुटला.

खदानीत जाऊन आबांनी हात लांब केला. ‘काळं दिसतंय,’ म्हणाले.

‘नीट बघा की.’

‘नीटच बघतुय. काळंच हाय. मधी टिकलीएवढा उजेड.’

हात जवळ घेतला तसा उजेड वाढत गेला, आणि अगदी डोळ्यापाशी आल्यावर म्हणाले, ‘हां! आता दिसलं बघ! मुरमातली मुंगी दिसतीय.’ मी काही म्हणायच्या आत गोळी सुटली. दुर्बीण मागं येऊन भुवईवर बसली, भुवई फुटली, गाल दारूच्या काजळीनं काळा झाला. आबा खाली बसले आणि पहिला प्रश्न विचारला, ‘लागली का?’

घरी आईनं हळद भरता भरता आम्हा दोघांचा उद्धार केला. ‘ह्यांचं ठीक हाय, ह्यांची बुद्धी गेलीया. तू तर मास्तरीण हाईस न्हवं?’ भाऊ नुसता हसला. त्यापेक्षा बोलला असता तर बरं.

शेवटी आबांनी हैदराबादच्या एका जुन्या बंदूकवाल्याला फोन लावला. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना अडलंनडलं की अजून हैदराबादच आठवतं. तो फोनवर बराच वेळ हसला म्हणे. खांद्याला टेकवायच्या बंदुकीची दुर्बीण डोळ्याजवळ धरायची असते, हातात धरायच्या हत्याराची वेगळी येते, लांब हातावरूनही पुरी दिसणारी, असं त्यानं समजावलं. आम्ही दोघं माझ्या गाडीतून जाऊन ती बसवून आलो. आबा परतीच्या वाटेवर खुशीत होते. जहिराबादच्या पुढं चहाला थांबलो तेव्हा त्यांनी चहावाल्याशी दखनी उर्दूत गप्पा मारल्या. मी त्यांना इतकं बोलताना वर्षभरात ऐकलं नव्हतं.

मग दर रविवारी खदान. दगडावर डब्याचं झाकण ठेवायचं, एकच गोळी घालायची आणि बाकीचा वेळ रिकाम्या रिव्हॉल्व्हरनं नुसता हात धरायचा सराव. डबल हातानं धरलेली, कोपरं बरगड्यांशी, श्वास अर्धा सोडून थांबलेला. मी बघत बसायचे. खरं सांगते, त्यांचा हात मला फार आवडायचा. घरात कप धरताना थरथरणारा हात तिथं दगडासारखा राहायचा. आणि झाकण उडायचं. पुढच्या रविवारी पुन्हा उडायचं. मी जाऊन भोकं पडलेली झाकणं आणायचे आणि भावाच्या नजरेस पडतील अशी ओट्यावर मांडायचे.

इतर गोष्टीही दिसत होत्या. खदानीत उतरताना बाजूच्या धोंड्याला आबांचा पाय लागायचा. काडतूस त्यांच्या गुडघ्याशेजारी ठेवलेलं असायचं आणि ते विचारायचे, कुठंय. मी बोलले की मान वळवायच्या ऐवजी सगळं अंगच वळवायचे. पण जो माणूस तेवढ्या लांबून डब्याच्या झाकणाचा मध्य फोडतो त्याला शेजारचं काडतूस दिसत नाही, असं कुणाच्या मनात येईल? मला वाटायचं, मुद्दाम करतात. हातात आणून द्यायची सवय लागलीय.

खंडेनवमी आली. त्या सकाळी भावकी जरा जास्तच जमली होती, पैजेचं सगळ्यांना कळलं होतं. घरात पूजा झाली. विळे, कोयते, नांगराचा फाळ, भावाचा ट्रॅक्टर आणि फुलांची माळ घातलेली रिव्हॉल्व्हर. आईला मी आधीच सांगून ठेवलं होतं की दुर्बिणीच्या काचेला कुंकू लावू नकोस. तिनं ते दुर्बिणीच्या पाठीवर लावलं. मग सगळे खदानीकडं निघालो. आबा माझ्या गाडीतून आले, नवं धोतर, डोक्याला पटका. भावानं किल्ली खिशातून काढून माझ्यासमोर नाचवली, म्हणाला, ‘आक्का, मलाबी काय हौस न्हाय गं. लागू दे त्यांचा नेम. देतो.’ तो तेव्हा खरं बोलत होता. मला त्याचा राग येईनासा झाला.

आईनं कोहळा चुंबळीवर ठेवला, हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली आणि डावीकडं बायका उभ्या होत्या तिकडं गेली. आबा त्यांच्या जागेवर उभे राहिले. मी त्यांच्या उजव्या खांद्याशी, काडतुसांचा डबा घेऊन. मागं भावकी. आबांनी हात वर केले. अर्धा श्वास सोडला.

तेवढ्यात आईच्या लक्षात आलं की कुंकवाचा करंडा दगडापाशीच राहिला. ती आणायला निघाली. बायकांच्या घोळक्यातून सुटून तरातरा चालत, लाल इरकली नेसलेली, लखलखीत उन्हात. कुणी तिला हाक मारली नाही. मारायचं कारणच काय होतं? नवरा समोर बघत उभा आहे, बायको त्याच्या समोरून चालली आहे. ती पलीकडं होईपर्यंत तो थांबेल. सगळ्यांना वाटलं ते थांबलेतच. मलाही तेच वाटलं.

मग मी त्यांचा अंगठा बघितला. अंगठ्यानं घोडा मागं ओढला.

डबा टाकून मी दोन्ही हातांनी त्यांच्या मनगटांवर पूर्ण जोर घातला. गोळी आमच्या पुढ्यात जमिनीत गेली. मुरमाचा धुरळा उडाला, माझ्या कानात नुसती शिटी वाजत राहिली.

‘डोस्कं फिरलंय का गं तुझं?’ आबा ओरडले. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. ‘मधोमध आला हुता! बराबर मधोमध! तूबी त्येच्याकडनं झालीस व्हय?’

‘आबा, आई हाय तिथं.’

‘कुठं?’

‘कोहळ्यापाशी. दगडाला लागून.’

त्यांनी मान इकडून तिकडं फिरवली, अंधारात काहीतरी शोधावं तशी, आणि मग त्यांना ती सापडली. आई दगडाच्या डाव्या अंगाला उकिडवी बसली होती, एका हातात करंडा, दुसरा कानावर. भाऊ धावत जाऊन तिला उठवत होता.

‘ही कवा गेली?’ आबांनी विचारलं. मला नाही, कुणालाच नाही.

आई पदर झटकत आली. ‘कवा म्हंजे? तुमच्या म्होरनंच गेले की. तुमी थांबलाव असं वाटलं मला.’

आबांनी रिव्हॉल्व्हर उघडली, काडतुसं काढून माझ्या हातावर ठेवली, मग रिव्हॉल्व्हरही दिली. आणि आईला म्हणाले, ‘जा. जिथनं आलीस तिथं जा. आन् परत ये.’

‘कशाला?’

‘ये म्हणतुय ना.’

ती गेली आणि परत निघाली. आबा रिकाम्या हातांनी उभे होते, नजर कोहळ्यावर खिळवून. ‘चाल की,’ ते म्हणाले.

‘चालतीयच की मी.’

‘चाल.’

‘अवो, आले की जवळ!’

ती दगडाच्या पुढ्यात, अगदी कोहळ्याच्या आड आली तेव्हा आबा म्हणाले, ‘हां. आता दिसली.’

मग त्यांनी तिला उजवीकडून चालायला लावलं. पुन्हा तेच. ती कोहळ्याला झाकेपर्यंत त्यांच्यासाठी ती नव्हतीच. पुन्हा डावीकडून. भावकीतली माणसं एकेक करून निघून गेली, तोंड फिरवून, कुणाचं उघडं अंग चुकून दिसल्यासारखी. आईला काही कळत नव्हतं, ती आपली सांगितल्यासारखी चालत होती, करंडा हातात घट्ट धरून. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. शेवटी भाऊ, जो पैज जिंकला होता, तो म्हणाला, ‘आबा, बास करा.’

सोलापूरला डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. बरीच वर्षं असणार म्हणाले. हा आजार कडेकडेनं नजर खात येतो, मधलं शेवटपर्यंत ठेवतो, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली नजर येणार नाही, राहिली आहे ती औषधाच्या थेंबांनी टिकवायची. म्हणजे तक्त्यातली अक्षरं, लिंबावरचा पोपट, डब्याचं झाकण, यांना लागतो तेवढाच तुकडा शिल्लक होता, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याच तुकड्याची परीक्षा घेत वर्ष काढलं होतं.

घरी आल्यावर भावानं किल्ली पुन्हा खिळ्याला लावली. लाजेनं असेल. ‘गावातल्या गावात चालवा हळूहळू,’ म्हणाला.

‘साळा सुटती त्या रस्त्यावर,’ आबा म्हणाले, आणि किल्लीकडं गेले नाहीत. नंतरही कधी गेले नाहीत. ओट्यावर बसतात. भांडणं मात्र बंद झालीत, आणि ते आईला आवडत नाही.

दिवाळीच्या आधी एका सकाळी त्यांनी रिव्हॉल्व्हर फडक्यात गुंडाळली आणि भावाच्या मागं गाडीवर बसले. मी माझ्या गाडीनं मागोमाग गेले. पोलीस ठाण्यात जमादार ओळखीचा. निवडणूक आली की लायसनवाल्यांची हत्यारं तिथं जमा होतात, तेव्हा दरवेळी त्याची आबांशी गाठ पडायची. तो उठून उभा राहिला, म्हणाला, ‘या आबा. आता तर इलेक्शनबी न्हाय.’

‘कायमची जमा करायचीय. लायसनबी नको आता.’

‘अरे तिच्या! दुर्बीण कवा बसवली? झ्याक हाय की.’ त्यानं ती डोळ्यांसमोर धरून खिडकीतून बाहेर बघितलं. ‘लख्ख दिसतंय. मग सोडता कशाला? नेम चुकाया लागला व्हय?’

‘नेम चुकत न्हाय,’ आबा म्हणाले. ‘नेम धरला की बायको दिसंना.’

जमादार मोठ्यानं हसला. मग त्यानं आम्हा दोघा भावाबहिणींच्या तोंडाकडं बघितलं आणि नोंदवही पुढं ओढली.